सूक्ष्मजीवांचा डिंक आणि दाणेदार गाळ

सांडपाणी शुद्ध कसे होते असे विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तुरटी, क्लोरीन आणि घरघरणारी यंत्रे येतात. प्रत्यक्षात घरगुती सांडपाण्यात विरघळलेली घाण काढण्याचे मुख्य काम जीवाणू करतात. आपण त्यांना हवा पुरवतो, ते घाण खातात, वाढतात आणि पाणी स्वच्छ होते. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. पुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. घाण खाऊन वाढलेले हे अब्जावधी जीवाणू पाण्यातून वेगळे कसे करायचे?

एका जीवाणूची लांबी साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याची घनता पाण्याहून किंचितच जास्त. सुटा जीवाणू टाकीत बसायला सोडला तर तो दिवसेंदिवस तरंगत राहील. तो पाण्याबरोबर नदीत गेला, तर आपण घाण काढली नाही, तिचे फक्त रूप बदलले. म्हणून जैविक शुद्धीकरणाचे यश जीवाणू किती खातात यापेक्षा ते एकमेकांना किती धरून राहतात यावर अवलंबून असते. या धरून राहण्याचे साधन म्हणजे त्यांनी स्वतःच्या अंगातून सोडलेला चिकट स्राव. माझे संशोधनाचे काम या स्रावाशी निगडित आहे. या लेखात मला एकच मुद्दा समजावून सांगायचा आहे: या डिंकाचे प्रमाण वाढले की गाळ सुधारतो, हा समज अपुरा आहे. डिंक कोणता, कुठे आणि कशाने बांधलेला, यावर सारे ठरते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार देशाच्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते सुमारे २०,२३५ दशलक्ष लिटर. उभारलेल्या क्षमतेतलाही तिसरा हिस्सा वापरात नाही. याची कारणे अनेक आहेत. वीज, निधी, अपुरी गटारे, माणसांची टंचाई ही त्यांतली मोठी. पण जिथे टाकी चालू असते तिथेही खाली न बसणारा गाळ ही रोजची डोकेदुखी असते.

मँचेस्टरमधली बाटली

आज जगभर वापरात असलेली ‘सक्रिय गाळ’ पद्धत १९१४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथे जगापुढे आली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यातून हवा सोडत होते. पहिल्या खेपेला पाण्यातल्या अमोनियाचे पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. असे प्रयोग आधीही झाले होते. आर्डर्न-लॉकेट यांनी वेगळे केले ते एवढेच की, वरचे स्वच्छ पाणी ओतून टाकले, तळाचा गाळ बाटलीत तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. हे पुन्हा पुन्हा केल्यावर पाच आठवड्यांचे काम अखेर एका दिवसाच्या आत होऊ लागले. त्यांना या दिशेने प्रवृत्त करणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, हा आपल्याशी असलेला एक जुना धागा.

या प्रयोगाचे मर्म ‘गाळ ठेवून दिला’ या तीन शब्दांत आहे. गाळ ठेवता आला, कारण तो खाली बसला. तो खाली बसला, कारण जीवाणू सुटे नव्हते. एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले होते. सक्रिय गाळ पद्धत एका अर्थाने पहिल्या दिवसापासून डिंकावर उभी आहे. तिच्या शोधकर्त्यांकडे तो डिंक मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते, एवढेच.

स्राव म्हणजे काय?

या स्रावांना शास्त्रीय परिभाषेत ‘पेशीबाह्य बहुवारिक पदार्थ’ म्हणतात. प्रयोगशाळेच्या बोलीत नुसते ‘ईपीएस’. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंच्या कड्या जोडून झालेली लांब साखळी. ईपीएसमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या साखळ्या असतात, प्रथिने आणि बहुशर्करा. त्यांच्या जोडीला थोडी मेदद्रव्ये, सांडपाण्यातून आलेली ह्युमिक द्रव्ये आणि मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनएही असतो. या सगळ्यात पाणी मुरून जेलीसारखा पदार्थ होतो. नदीतल्या दगडावरचा बुळबुळीतपणा, स्वयंपाकघरातल्या मोरीच्या जाळीवरचा गिळगिळीत थर, दातांवरचे किटण ही सगळी याच कुळातली. अशा जैविक थरांपैकी बऱ्याच थरांच्या कोरड्या वजनात पेशींचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी असतो. उरलेले सारे या जाळीचे वजन.

जीवाणू एवढा खर्च का करतात? कारण ही जाळी म्हणजे त्यांचे घर. पाण्याच्या झोताने वाहून जाणे टळते, विषारी पदार्थ आत शिरायला वेळ लागतो, अन्न पचवणारी विकरे जवळच अडकून राहतात आणि ओल टिकते.

आता चिकटण्याची क्रिया पाहू. जीवाणूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दोन जीवाणू जवळ आले की एकमेकांना दूर ढकलतात. ईपीएसच्या साखळ्यांवरही बहुतांशी ऋणभारच असतो. मग ते जुळतात कसे? मध्ये कॅल्शियम येतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात. एका हाताने एक साखळी, दुसऱ्या हाताने दुसरी साखळी धरून तो पूल बांधतो. मॅग्नेशियमही हेच करतो. सोडियमच्या आयनावर मात्र एकच धनभार. तो साखळीच्या टोकावर बसतो, पण पलीकडचे काही धरू शकत नाही. सोडियम फार झाला तर तो कॅल्शियमला जागेवरून हटवतो आणि पूल मोडतात.

सोसायटीतले मीठ

हे पूल मोडणे प्रत्यक्षात कसे दिसते, याचे एक उदाहरण पुण्याच्या परिसरातले. मोठ्या गृहसंकुलांत आता स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, असतो. एका सोसायटीतला गाळ काही महिने बसत नव्हता. झाडांना दिले जाणारे पाणी गढूळ आणि वास मारणारे. कमिटीने दर महिन्याला ‘कल्चर’ नावाची जीवाणूंची पावडर विकत घेऊन टाकीत टाकली होती. मी गेलो तेव्हा प्रकल्प सांभाळणाऱ्या काकांनी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये गाळ भरून दाखवला. अर्धा तास झाला तरी तो ७०० मिलिलिटरच्या खुणेखाली आला नाही, आणि वरचे पाणी धुरकट होते.

या साध्या चाचणीवर एक आकडा बेतलेला आहे. अर्ध्या तासाने गाळाने व्यापलेले मिलिलिटर भागिले त्या लिटरातले गाळाचे कोरडे वजन ग्रॅममध्ये. एफ. डब्ल्यू. मोलमन यांनी १९३४ मध्ये सुचवलेल्या या ‘गाळ आकारमान निर्देशांका’ची किंमत १०० च्या आसपास असली तर काम बरे चालले आहे असे समजतात. ती १५० च्या वर गेली की गाळ फुगू लागला. सिलिंडरमधल्या गाळाचे कोरडे वजन लिटरला तीन ग्रॅम धरले तर निर्देशांक २३० च्या वर जातो.

सोसायटीला बोअरचे क्षारयुक्त पाणी होते, म्हणून सॉफ्टनर बसवलेला होता. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो आणि काही तासांनी त्याला मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. तो गरजेपेक्षा जास्त वेळा धुतला जात होता आणि धुण्याचे खारे पाणी थेट एसटीपीत एकदम जात होते. हिगिन्स आणि नोव्हाक या अमेरिकी संशोधकांनी १९९७ साली दाखवले होते की एकभारी आयनांचे द्विभारी आयनांशी असलेले सममूल्य प्रमाण दोनच्या वर गेले की गाळाचे बसणे आणि त्यातले पाणी निथळणे बिघडते. धुण्याच्या पाळ्या कमी केल्या, खारे पाणी एका टाकीत साठवून दिवसभर थोडे थोडे सोडायला सुरुवात केली. काही आठवड्यांनी सिलिंडरमधला गाळ खाली बसू लागला. एका ठिकाणच्या निरीक्षणावरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण टाकीत जीवाणू पुरेसे असताना आणखी जीवाणू विकत घेणे म्हणजे भिंतीचा चुना निघून गेला असताना विटांची ऑर्डर देणे, एवढे यावरून कळते.

पुंजक्यापासून दाण्यापर्यंत

सक्रिय गाळातले पुंजके सैल, कापसासारखे असतात. ते तासाला जेमतेम काही मीटर वेगाने बसतात, म्हणून त्यांना बसण्यासाठी वेगळी भलीमोठी टाकी लागते. जीवाणू याहून घट्ट, गोल दाण्यांच्या रूपातही राहू शकतात, हे प्रथम ठळकपणे दिसले ते ऑक्सिजनविरहित टाक्यांत. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन येथे गात्झे लेटिंगा आणि सहकारी साखर कारखान्याचे सांडपाणी टाकीच्या तळातून वर सोडत होते. जे जीवाणू घट्ट गोळे करून राहिले ते टाकीत टिकले, सुटे होते ते वाहून गेले. यातून ‘यूएएसबी’ पद्धत आली. गंगा कृती योजनेच्या काळात, १९८९ मध्ये, कानपूरच्या जाजमऊ भागात तिचा रोज ५० लाख लिटरचा प्रकल्प सुरू झाला.

हवा दिलेल्या टाकीतही दाणे बनवता येतात, हे १९९० च्या दशकात जपान, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवले. २००४ साली म्युनिकला भरलेल्या बैठकीत दाण्याची व्याख्या ठरली. सोप्या भाषेत ती अशी: सूक्ष्मजीवांपासून बनलेला, ढवळणे थांबल्यावरही शेजाऱ्याला चिकटून लगदा न होणारा आणि पुंजक्यापेक्षा बऱ्याच वेगाने बसणारा गोळा. असे दाणे तासाला २५ ते ७० मीटर वेगाने बसतात. सिलिंडरमध्ये त्यांचे पाच मिनिटांचे आणि तीस मिनिटांचे माप जवळपास सारखेच येते. पहिल्यांदा हे पाहताना मला सिलिंडरमध्ये गाळ नसून भिजवलेला साबुदाणा असल्यासारखे वाटले होते.

दाण्याचा दुसरा फायदा त्याच्या पोटात असतो. बाहेरच्या थरात ऑक्सिजन पोहोचतो, तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. आत ऑक्सिजन संपतो, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. फॉस्फरस साठवणारे जीवाणूही त्यातच राहतात. एरवी तीन-चार टाक्यांत चालणारे काम एका मिलिमीटरच्या आसपासच्या गोळ्यात होते आणि वेगळी बसण्याची टाकी लागत नाही. नेदरलँड्समधल्या गार्मरवॉल्डे येथील प्रकल्पाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथे त्या देशातल्या नेहमीच्या प्रकल्पांच्या सरासरीपेक्षा सुमारे ६० टक्के कमी ऊर्जा लागली आणि टाक्यांचे आकारमान एक तृतीयांशाने कमी होते. मुंबई-ठाण्यासारख्या ठिकाणी, जिथे जागा मिळणे हीच पहिली अडचण असते, तिथे या आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पाक किती तारी?

दाण्यात स्रावांचे नेमके काम काय, यावर गेली दोन दशके वाद चालू आहे. २००५ च्या एका अभ्यासात दाणे कापून, वेगवेगळ्या घटकांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. गाभ्यात प्रथिने, कडेला पेशी आणि बहुशर्करा अशी रचना दिसली. पुंजक्यांपेक्षा दाण्यांत प्रथिनांचे प्रमाणही जास्त होते. त्यावरून प्रथिने हाच दाण्याचा कणा असे मत झाले. २००८ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी दाण्यांवर एकेक विकर सोडून पाहिले. प्रथिने किंवा मेद तोडणाऱ्या विकरांनी दाणे फारसे ढासळले नाहीत. बीटा प्रकारच्या बहुशर्करा तोडल्यावर मात्र ते विस्कटले. २०१० मध्ये डेल्फ्टच्या गटाने दाण्यांतून समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटसारखा, कॅल्शियमबरोबर घट्ट जेल करणारा पदार्थ वेगळा काढला.

मग खरे कोणाचे? माझ्या मते प्रश्नातच एक गफलत आहे. वेगवेगळ्या टाक्यांत वेगवेगळे अन्न, वेगवेगळे जीवाणू आणि म्हणून वेगवेगळे डिंक. बाभळीचा डिंक आणि धावड्याचा डिंक यांना एकच नाव असले तरी दोन्ही एक नव्हेत. शिवाय मोजण्याची पद्धतही निकाल बदलते. कोणी गाळ उकळून ईपीएस काढतो, कोणी अल्कलीत, कोणी कॅल्शियम शोषून घेणारे रेझिन वापरून. प्रत्येक पद्धत जाळीचा वेगळा भाग सोडवते. यातल्या रेझिनच्या पद्धतीकडे बारकाईने पाहिले की एक गोष्ट सूचित होते: कॅल्शियम काढून घेतला की डिंक सुटतो, म्हणजे त्याच्या बांधणीत कॅल्शियमचा वाटा असावा. सिंगापूरच्या २००३ सालच्या प्रयोगात पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर दाणे ३२ ऐवजी १६ दिवसांत तयार झाले, ते याच्याशी जुळणारे आहे.

प्रमाणाचा प्रश्न समजायला दिवाळीच्या फराळाकडे पाहावे. बुंदीचे लाडू वळताना पाक कमी पडला तर लाडू सुटतो. पण पाक भरपूर असून तो कच्चा असला तरी लाडू बसकटच होतो. पाकाची तार जमावी लागते. गाळाचेही तसेच. पेशीला घट्ट लगटलेला स्राव बांधणी करतो, तर बाहेर सैल लोंबणारा स्राव पाणी धरून ठेवतो आणि गाळ हलका करतो. सैल भाग वाढला की बसणे आणि निथळणे दोन्ही बिघडतात, असे सक्रिय गाळावरच्या अभ्यासांत दिसले आहे. काही टाक्यांत अन्नातले नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडतात. जीवाणूंना वाढ करता येत नाही, पण कार्बन भरपूर असतो. तो ते शर्करेच्या चिकट स्रावात घालवतात. गाळ शेंबडासारखा होतो. डिंक सर्वाधिक, आणि बसण्याच्या नावाने शून्य.

दाण्यात जास्त डिंकाचा आणखी एक तोटा आहे. दाण्यात पाण्याला आतबाहेर करायला बारीक वाटा असतात. त्या स्रावाने बुजल्या तर गाभ्यात अन्न पोहोचत नाही. उपाशी जीवाणू मग गाभ्यातला विघटनशील स्रावच खाऊ लागतात. गाभा पोकळ होतो आणि बाहेरून टणक दिसणारा दाणा एके दिवशी फुटतो. वरचे कवच मुख्यतः न विरघळणाऱ्या बहुशर्करांचे आणि आतला भाग सहज पचणारा, असे दिसल्याचे निरीक्षण या घटनेशी जुळते.

डिंक बाहेरून घालता येत नाही

मग टाकी चालवणाऱ्याच्या हातात काय उरते? योग्य डिंक करणारे जीवाणू टिकतील अशी परिस्थिती निर्माण करणे. यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली, बसायला थोडाच वेळ द्यायचा. जे लवकर बसतात ते राहतात, बाकीचे बाहेर जातात. दुसरी, आधी पोटभर अन्न आणि मग उपवास. त्यातही अन्न हवा न देता, गाळाच्या थरातून सावकाश सोडायचे. हवेबरोबर सहज पचणारे अन्न मिळाले तर भराभर वाढणारे तंतुमय जीवाणू माजतात आणि दाणा केसाळ होतो. हवा नसताना अन्न मिळाले तर ते पोटात साठवून ठेवणारे, हळू वाढणारे जीवाणू पुढे येतात आणि दाणा गुळगुळीत, घट्ट होतो. डेल्फ्टच्या गटाने २००४ साली मांडलेला हा विचार मोठ्या प्रकल्पांचा आधार ठरला. तिसरी, हवेच्या बुडबुड्यांचे पुरेसे घर्षण. जीवाणूला धक्के बसले की तो अधिक घट्ट धरतो.

हे ‘धरण्याचे’ ठरवणारी यंत्रणाही पेशीत आहे. १९८७ साली जेरुसलेममधल्या मोशे बेंझिमन यांच्या गटाने सेल्युलोज बनवणाऱ्या जीवाणूत एक लहान संदेशवाहक रेणू शोधला. सायक्लिक-डाय-जीएमपी हे त्याचे नाव. पेशीत तो वाढला की बऱ्याच जातींचे जीवाणू पोहणे सोडतात आणि स्राव करू लागतात. आपण टाकीत बदलतो ते झडपांचे वेळापत्रक, पण ते पेशीपर्यंत अशा संदेशांतून पोहोचते.

डिंकाचा उपयोग शुद्धीकरण संपल्यावरही होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये २०१९ साली झुटफेन येथे दाणेदार गाळातून हा पदार्थ वेगळा काढायला सुरुवात झाली. ‘काउमेरा’ या नावाने तो बियाण्यांच्या लेपासाठी आणि काँक्रीटमधला ओलावा टिकवण्यासाठी वापरता येतो. ज्या गाळाची विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागतात, त्यातला काही भाग विकता येऊ लागला आहे.

आपल्याकडे

आपल्या देशातही हे काम चालू आहे. कल्पाक्कम येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दाण्यांवर दीर्घकाळ संशोधन करून दाणे आणि पुंजके यांचा मिलाफ असलेली पद्धत विकसित केली आहे. आपल्या पाण्याचे प्रश्न मात्र युरोपाहून वेगळे आहेत. पावसाळ्यात गटारात पावसाचे पाणी शिरले की सांडपाणी पातळ होते. मग अन्न कमी पडते आणि दाणे तयार व्हायला वेळ लागतो. उष्ण हवा जीवाणूंच्या वाढीला बरी. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. वीज तासन्‌तास गेली तर आधी पोटभर, मग उपवास हे चक्र मोडते आणि घर्षणही थांबते.

म्हणून दाणेदार गाळ हा सगळ्या रोगांवरचा उतारा आहे असे मी म्हणणार नाही. पण नगरपालिका असो वा सोसायटीची कमिटी, नवे यंत्र किंवा नवी पावडर घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारता येतात. सिलिंडरची चाचणी रोज होते का, आणि तिचे आकडे वहीत लिहिले जातात का? येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम किती, सोडियम किती? नायट्रोजन-फॉस्फरस पुरेसे आहेत का? बसलेल्या गाळावरचे पाणी नितळ आहे की धुरकट? काचेचा सिलिंडर आणि घड्याळ काही शेकड्यांत मिळते, बाकीच्या तपासण्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतात. गाळ आपली तक्रार रोज सांगत असतो. ती अर्ध्या तासात वाचता येते, आणि ती वाचणाऱ्या माणसाला टाकीपाशी टिकवून ठेवणे हे कुठल्याही पावडरपेक्षा स्वस्त पडते.